काळा प्लग काय सांगतो?

(औंढा नागनाथ येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. छापताना थोडी भर घातली आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. यंदा संस्थेने एका गॅरेजवाल्याला उभे केले आहे. सेक्रेटरी साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "साहेब, जुनी फटफटी का बंद पडते एवढेच मला सांगता येईल." ते म्हणाले, "मग तेवढेच सांगा." म्हणून आज मी जुन्या मोटारसायकलच्या काळ्या पडलेल्या प्लगविषयी बोलणार आहे. वस्तू बोटाएवढी आहे. पण तिच्यापायी एकदा माझ्या हातून एका गरीब माणसाचे मोठे नुकसान झाले. ते कसे झाले, हे मुलांनी ऐकावे आणि का झाले, हे पालकांनी ऐकावे, अशी माझी इच्छा आहे.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना या गाड्या ठाऊक आहेत. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली आणि पुढे येझदी नावाने गाजलेली जावा, पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर बनवलेली राजदूत. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. राजदूतही आता बनत नाही. पण औंढ्याहून हिंगोलीकडे, वसमतकडे किंवा जिंतूरकडे जाताना एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, नाहीतर कडब्याच्या गंजीशेजारी अशी गाडी अजून उभी दिसते. डॉक्टर, ग्रामसेवक, दूधवाले, खतवाले या सर्वांनी तिच्यावर संसार चालवला. आता त्यांची नातवंडे ती गाडी धुऊन-पुसून पुन्हा चालू करायला आणतात आणि पहिली तक्रार हीच असते, "मामू, प्लग सारखा काळा होतोय."

प्लग म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो. त्या दाबलेल्या मिश्रणाला काडी लावण्याचे काम प्लगचे आहे. त्याच्या मध्ये धातूची एक कांडी असते, तिच्याभोवती पांढऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाची नळी असते आणि बाहेर लोखंडी आटे. कांडीचे टोक आणि आट्यांवरची वाकलेली पट्टी यांच्यात साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटरची फट असते. कॉईलमधून येणारी हजारो व्होल्टची वीज ही फट उडी मारून ओलांडते. तीच ठिणगी. फ्रान्समध्ये लेन्वार यांनी १८६० मध्ये आपल्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली. जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यातील होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. तेव्हापासून या वस्तूचे मूळ रूप फारसे बदललेले नाही. दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर सेकंदाला पन्नास ठिणग्या पडतात. इतक्या ठिणग्यांत चार-पाच जरी चुकल्या तरी गाडी अडखळते.

आता काजळी आली की ठिणगी का मरते? विद्यार्थ्यांनो, तुमच्या पेन्सिलीतले शिसे हे खरे शिसे नव्हे. तो कार्बनचाच एक प्रकार आहे आणि त्यातून वीज वाहते. प्लगवरची काजळीही कार्बनच. पांढऱ्या नळीतून वीज जात नाही म्हणून तर ती तिथे बसवलेली असते. तिच्यावर काजळीचा थर चढला की विजेला आडवाट मिळते.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. बांधाआड पाणी चढते, चढते आणि बांधाची उंची गाठली की पलीकडे पडते. पण बांधात उंदराचे बीळ असेल तर पाणी चढतच नाही. खालच्या खालीच निघून जाते. तसेच विजेचे आहे. फट ओलांडण्याइतका दाब चढण्यापूर्वीच ती काजळीवरून लोखंडात उतरते. कॉईल चांगली, बॅटरी चांगली, प्लगही नवा, तरी ठिणगी नाही.

मग काजळी सर्वच प्लगांवर का साचत नाही? कारण प्लग स्वतःला साफ करतो. त्याचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की काजळी जळून जाते. मात्र ते ८५० अंशांच्या पुढे गेले तर टोकच निखारा बनते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते. पिस्टनला भोक पडते ते अशा वेळी. म्हणजे प्लगने या दोन मर्यादांच्या मध्ये राहायला हवे. त्यासाठी कंपन्या "गरम" आणि "थंड" असे प्लग बनवतात. ज्याच्या पांढऱ्या नळीचे नाक लांब, त्यातली उष्णता उशिरा बाहेर जाते. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर तो थंड प्लग. हा भेद अंकांनी दाखवलेला असतो आणि हे अंक फसवे असतात. बॉशच्या आजच्या पद्धतीत मोठा अंक म्हणजे गरम प्लग. त्यांच्याच जुन्या १७५, २२५ अशा अंकांत मोठा अंक म्हणजे थंड. एनजीकेच्या पद्धतीतही मोठा अंक थंडच. तक्ता वाचल्याशिवाय अंकाला हात लावू नये. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी गोष्ट त्याच्यावरच आहे.

आता प्लग वाचायचा कसा, ते पाहू. आमच्या धंद्यात प्लग "बघणे" आणि प्लग "वाचणे" यात फरक आहे. बघणारा म्हणतो, "काळा झालाय, बदला." वाचणारा विचारतो, "काळा कशाने झाला?"

पहिली गोष्ट, प्लग काढण्यापूर्वी गाडी दोन-तीन किलोमीटर नेहमीच्या वेगाने, थोड्या ओझ्यावर चालवावी. मग क्लच दाबून लगेच इंजिन बंद करावे आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, गार होऊ देऊन प्लग काढावा. घरी आणून दारात पाच मिनिटे भुर्रभुर्र करत ठेवली की प्लग त्या पाच मिनिटांचीच हकीकत सांगतो. काढण्यापूर्वी भोवतालची धूळ फुंकून घ्यावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लगचा पाना सरळ बसवावा, तिरका लावला की पांढरी नळी तडकते. आणि हो, येझदीला दोन सायलेन्सर पाहून दुसरा प्लग शोधत बसू नका. इंजिन एकाच सिलिंडरचे आहे. मी स्वतः पहिल्या दिवशी शोधला होता.

मग प्लग उजेडात धरा. रंग पाहा, बोटाने चोळा, वास घ्या.

काळा, कोरडा आणि मऊ, तव्याच्या काजळीसारखा बोटाला लागणारा असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी आहे. चोक उघडा राहिला असेल किंवा त्याची वायर अडकली असेल, हवेचा फिल्टर धुळीने तुंबला असेल, कार्बोरेटरमधला फ्लोट पेट्रोल वेळेवर अडवत नसेल, नाहीतर गाडी नुसती गल्लीबोळातच फिरत असेल.

काळा, ओला आणि चिकट असेल, बोटांत ऑईलचा बुळबुळीतपणा जाणवत असेल, तर ऑईल जळत आहे किंवा जळण्यापलीकडे येत आहे. दोन-स्ट्रोक गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. जुन्या गाड्यांत साधारणपणे वीस ते पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑईल सांगितलेले असते; म्हणजे पाच लिटरला २५० ते २०० मिलिलिटर. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे असेल तेच खरे. पण आपल्याकडे माप कोण घेतो? "ओत अजून थोडं, इंजिनला बरं" असे म्हणून बाटली उपडी होते. माप बरोबर असूनही प्लग ऑईलने भिजत असेल आणि मागे पांढरा धूर निघत असेल, तर क्रँकच्या बाजूचा ऑईल सील गेलेला असून इंजिन गिअरचे किंवा क्लचच्या बाजूचे ऑईल ओढत आहे, असा संशय घ्यावा. बुलेटसारख्या चार-स्ट्रोक गाडीत हेच लक्षण दिसले, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड झिजलेले असतात.

ओला असून पेट्रोलचा वास येत असेल आणि काजळी फारशी नसेल, तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही. इथे संशय विजेवर घ्या. पॉइंट घाणेरडे झाले असतील, कंडेन्सर कमजोर असेल, प्लगची टोपी किंवा वायर चिरली असेल.

फटीतच कणांचा बारीक पूल जमला असेल, तर तो दोन-स्ट्रोक गाडीचा जुना आजार आहे. गाडी चालता चालता एकदम बंद पडते आणि प्लग पुसला की लगेच चालू होते. ऑईलचे प्रमाण आणि प्रत पाहा.

फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा असेल, तर प्लग खूश आहे. पांढरा फटक, टोकाला फोड आल्यासारखा असेल तर सावध व्हा. इंजिन फार तापते आहे, कुठूनतरी जास्त हवा शिरते आहे किंवा प्लग चुकीचा आहे. काळा प्लग गाडी बंद पाडतो, पांढरा प्लग इंजिन मारतो.

एक गोष्ट जुन्या पुस्तकांत मिळणार नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे नसलेले पेट्रोल मिळू लागले आणि आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे प्लगचा रंग जुन्या चित्रांपेक्षा फिका दिसतो. नाकाच्या टोकावरचा रंग पाहून निकाल देऊ नका. नळीच्या मुळाशी, आत खोलवर पाहा. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून मिश्रण थोडे हलके पडते. ते ओलही धरते आणि जुन्या रबराच्या नळ्या व वायसर खराब करू शकते. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी जुने पेट्रोल काढून टाकूनच चालू करावी.

काळ्या रंगात इतके प्रकार आहेत. वरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात. आपल्या इतिहासात अल-राझी नावाचे थोर हकीम होऊन गेले. नवव्या-दहाव्या शतकातले, इराणमधल्या रय शहराचे. देवी आणि गोवर ही दोन दुखणी अंगावर सारखीच दिसत, म्हणून लोक त्यांची गल्लत करत. अल-राझींनी ती वेगळी कशी ओळखावी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दिसायला सारखे आहे म्हणून कारणही सारखेच, असे मानायचे नाही, हाच त्यातला धडा. मी हकीम नाही, पण तो धडा मी फार महाग किंमत देऊन शिकलो. ती गोष्ट आता सांगतो.

आठवीतून माझी शाळा सुटली आणि मी एका गॅरेजात लागलो. उस्ताद फार कसबी माणूस होते. दोन वर्षांनी मला वाटू लागले की आपल्याला सगळे येते. एक दिवस उस्ताद बाहेरगावी होते. दूध घालणारे एक काका आपली दोन-स्ट्रोक गाडी घेऊन आले. दर चार दिवसांनी प्लग काळा होत होता. मी प्लग काढला. कोरडा, मऊ, काजळीने भरलेला. आज तुम्हीसुद्धा सांगाल की हवा कमी पडते आहे. मी काय केले? चहाच्या टपरीवर ऐकले होते की "एक नंबर बदलून गरम प्लग टाकला की काळा होत नाही." मी तो टाकला. काजळी ऑईलचीच असणार असे धरून काकांना म्हणालो, "ऑईल निम्मं करा." आणि हवेचा फिल्टर धुळीने गच्च भरलेला दिसला, तो काढून कोपऱ्यात फेकला आणि म्हणालो, "काका, बिनफिल्टर चालवा, गाडी मोकळी पळेल."

गाडी खरेच मोकळी पळाली. पंधरा दिवस प्लग पांढरा स्वच्छ! काका खूश, मी उस्तादांहून मोठा उस्ताद. सोळाव्या दिवशी, मे महिन्याच्या दुपारी, दोन भरलेल्या कॅन घेऊन काका चढाच्या रस्त्याला लागले. गाडी अर्ध्या चढावर जाम झाली. ढकलत गॅरेजात आणली. हेड उघडले तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेले आणि सिलिंडरवर ओरखडे. दूध नासले ते वेगळेच.

उस्तादांनी मला मारले नाही. त्यांनी कोपऱ्यातला फिल्टर उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अरे, मुजरिम तुझ्या हातात होता. तू त्याला सोडून दिलंस आणि साक्षीदाराला बदललंस."

मग त्यांनी गाडीच्या डब्यातले हातपुस्तक काढले. ते इंग्रजीत होते. उस्तादांना वाचता येत नव्हते, मलाही येत नव्हते. काकांची मुलगी डबा घेऊन आली होती. नववीत शिकत होती. तिने एकेक शब्द लावत तो तक्ता वाचला. कोणता अंक या गाडीचा, कोणता अंक गरम, फिल्टर किती दिवसांनी पेट्रोलमध्ये धुवावा, ऑईलचे माप किती, सगळे त्या एका पानावर होते. दहा मिनिटांचे काम. दोन वर्षे ते पुस्तक माझ्या हाताशी होते आणि मी त्याच्यावर पाने ठेवत होतो.

पिस्टन आणि बोअरिंगचा खर्च उस्तादांनी स्वतःच्या खिशातून केला. माझ्या हप्त्यातून एक पैसाही कापला नाही. कापला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी जो क्रम पाळतो तो मुलांनी लिहून घ्यावा. प्रथम प्लग वाचा. मग तो पितळी ब्रशने आणि पेट्रोलने साफ करा. खरखरीत पॉलिश पेपरने पांढरी नळी घासू नका, ओरखड्यांत काजळी पुन्हा लवकर बसते. चुलीवर तापवू नका, नळी तडकते. फट मापून घ्या. मग टोपी लावून, प्लग सिलिंडरच्या पात्यांना टेकवून किक मारा आणि ठिणगी पाहा. निळसर, कडकडीत हवी. पिवळी-तांबडी, मरगळलेली नको. हे करताना प्लग भोकापासून दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेटते. हेही ध्यानात ठेवा की उघड्या हवेत ठिणगी सहज पडते, सिलिंडरच्या दाबात तिला जास्त जोर लागतो. म्हणून बाहेर पडली तर आतही पडते, असे छातीठोक म्हणू नका. खात्रीचा दुसरा प्लग लावून पाहा. तोही तसाच काळा झाला तर दोष प्लगचा नाही. मग चोक, फिल्टर, फ्लोट, ऑईलचे माप, पॉइंट, सील या क्रमाने, म्हणजे फुकटच्या कामापासून खर्चाच्या कामाकडे जा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख व किलोमीटर लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही आणि बिघडली तरी कशाने ते कळत नाही. प्लगचा अंक बदलायचा तो सर्वांत शेवटी, आणि तोही तक्ता वाचून.

काहीजण म्हणतील, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, कार्बोरेटर गेले, आता या जुन्या विद्येचा उपयोग काय? नव्या गाडीला यंत्र जोडले की बिघाडाचा आकडा दिसतो, हे खरे. पण आकडा लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. आकडा पाहून महागडा भाग बदलणारा आणि काळा प्लग पाहून प्लग बदलणारा, हे दोघे एकाच शाळेतले. म्हणजे त्याच शाळेतले, ज्यातून मी मधेच उठलो.

पालकांनो, आता थोडे तुमच्याशी बोलतो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर जो पहिला शब्द उतरला तो "इक्रा", म्हणजे वाच. तो शब्द आपण जलशात ऐकतो, भिंतीवर लिहितो. आणि पोरगा नववीत दोन विषयांत नापास झाला की म्हणतो, "याच्या डोक्यात काही जात नाही, टाका गॅरेजात." माझ्याकडे महिन्या-दोन महिन्याला एखादा बाप असा पोरगा घेऊन येतो. मी त्याला एकच विचारतो, "भाई, हा काळा कशाने झाला ते पाहिलंत का?" फळ्यावरचे दिसत नाही म्हणून चष्म्याची गरज असेल. पाचवीतले अपूर्णांक कच्चे राहिले म्हणून आठवीचे बीजगणित अडत असेल. घरी अभ्यासाला जागा नसेल. रात्री दुकानावर बसत असेल. निकालपत्र हे प्लगसारखे आहे. ते साक्षीदार आहे. साक्षीदाराला मारून खटला निकाली निघत नाही.

या औंढ्याला ही गोष्ट नवी नाही. संत नामदेवांची कथा तुम्ही शेजारच्या कीर्तनात ऐकली असेल. गोरोबा कुंभारांनी मडकी तपासावी तसे थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांना म्हणाले, हे मडके कच्चे आहे. नामदेव रुसले, पण पुढे गुरू शोधत आले ते इथेच, औंढ्याला, विसोबा खेचरांकडे, असे परंपरा सांगते. कच्चे म्हटले म्हणून मडके कोणी फोडले नाही. ते भाजायला पाठवले. आपण मात्र कच्च्या मडक्याला आधी पाणी भरायला लावतो आणि फुटले की त्यालाच दोष देतो.

गॅरेजचे काम हलके आहे, असे मी म्हणत नाही. याच हुनरवर माझे घर उभे राहिले. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्णपणे बंद आहे, हे आधी लक्षात घ्या. आणि ज्याला खरोखर यंत्राची आवड आहे, त्याला दहावी होऊ द्या. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पुढे पॉलिटेक्निक आहे. मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामने भायखळ्याला साबू सिद्दिक पॉलिटेक्निक चालवले, ते हात आणि पुस्तक एकत्र आणण्यासाठीच. मुलींनाही यात घ्या. माझ्या गॅरेजातला तो तक्ता पहिल्यांदा कोणी वाचला, ते मी सांगितलेच आहे.

शेवटी एक. आपल्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा मंजूर झाली आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या यंत्राने अवकाशातून येणाऱ्या अतिसूक्ष्म लहरी टिपायच्या आहेत. ट्रकची धडधड, वाऱ्याचा झोत, जमिनीचा कंप हे सगळे वेगळे काढून खरी खूण कोणती, हे ओळखण्याचे ते काम. लक्षण आणि कारण वेगळे करण्याचेच काम, फक्त फार मोठे. त्या वेधशाळेच्या फाटकावर पहारेकरी म्हणून आपली मुले उभी राहतील की आत पंप, वायरी आणि यंत्रे सांभाळतील, हे त्या मुलांच्या हुशारीवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच नववीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही घरात काय बोलता त्यावर.

विद्यार्थी मित्रांनो, घरी जुनी गाडी असेल तर येत्या रविवारी वडिलांना घेऊन तिचा प्लग काढा, उजेडात धरा आणि वाचा. काय दिसले ते वहीत लिहा. समजले नाही तर गाडीचे पुस्तक उघडा. तेही समजले नाही तर शाळेत सरांना विचारा. आणि तरीही अडले तर माझे गॅरेज उघडे आहे. ते हातपुस्तक माझ्याकडे अजून आहे. उस्तादांनी जाताना मला दिले. त्या पानावर ऑईलचा डाग पडला आहे, पण तक्ता स्पष्ट वाचता येतो. आता मलाही वाचता येतो.